ड्रॅगन क्वेस्ट पहिल्यांदा खेळताय? मग अशी सुरुवात करा

ड्रॅगन क्वेस्ट ही जपानी व्हिडिओ गेमची मालिका. तिच्या १९८६ सालच्या पहिल्या भागात राजाच्या किल्ल्यातून बाहेर पाऊल टाकलं की जवळच, पाण्यापलीकडे, दुसरा एक किल्ला दिसतो. तोच शेवटचा मुक्काम. ज्याला हरवायचं तो ड्रॅगनलॉर्ड तिथेच बसलेला असतो. मध्ये खाडीसारखा पाण्याचा चिंचोळा पट्टा आहे, आणि तो ओलांडायला अख्खा खेळ लागतो.

ही मालिका मला आवडते ती या एका गोष्टीसाठी. कुठे पोचायचंय ते पहिल्याच मिनिटाला दाखवायचं आणि मग नवख्या माणसाचं बोट धरून त्याला तिथवर न्यायचं, हे काम ती जवळजवळ चाळीस वर्षं करते आहे. त्यामुळे "अकरा भाग आहेत, आधीचं काहीच माहीत नाही, जमेल का?" असं कुणी विचारलं की मी ठामपणे हो म्हणतो. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसासाठीच ती बनली आहे. फक्त कुठून शिरायचं ते नीट ठरवा.

पायरी १: बनवणाऱ्यांची चार नावं लक्षात ठेवा

युजी होरी हे अवाजी बेटावरच्या सुमोतो गावचे. वासेदा विद्यापीठात शिकले, मग मासिकांतून लेखन करू लागले. एनिक्स कंपनीने गेम बनवणाऱ्यांची स्पर्धा घेतली तेव्हा त्यात होरींचा टेनिसचा गेम निवडला गेला. त्याच स्पर्धेत कोइची नाकामुरा नावाचा शाळकरी मुलगाही चमकला. १९८३ मध्ये दोघे अमेरिकेत एका संगणक प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी 'विझर्ड्री' पाहिला. 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे तेव्हाचे दोन मोठे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून त्याला वाढवत न्यायचे खेळ. दोन्ही संगणकावरचे, कीबोर्डवर खेळायचे, किचकट. भुयारांचे नकाशे आलेखाच्या कागदावर स्वतः काढायचे. 'विझर्ड्री'त तर जपून वाढवलेलं पात्र कायमचं मरूही शकायचं.

होरींना हे सगळं फॅमिकॉमवर आणायचं होतं. फॅमिकॉम म्हणजे घराघरातल्या टीव्हीला जोडायचं निन्टेंडोचं यंत्र; हातात दिशांचं बटण आणि मोजकी चार बटणं. ते वापरणाऱ्या मुलांनी रोल-प्लेइंग हा शब्दही ऐकलेला नव्हता. मग त्यांनी वरून दिसणारा नकाशा 'अल्टिमा'कडून घेतला, राक्षस समोरासमोर दिसणारी लढाई 'विझर्ड्री'कडून घेतली, आणि ज्या गोष्टीने नवखा माणूस बिचकेल ती काढून टाकली. होरी तेव्हा 'शोनेन जम्प' या मुलांच्या साप्ताहिकात लिहायचे. रोल-प्लेइंग म्हणजे काय, तो कसा खेळायचा, हे त्यांनी तिथल्या वाचकांना समजावून सांगितलं.

तिसरं नाव तुमच्या ओळखीचं असेल. कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी पाहत वाढलेल्यांना अकिरा तोरियामांची रेषा लांबूनही ओळखता येते. 'शोनेन जम्प'चे संपादक काझुहिको तोरिशिमा यांच्यामुळे ते या कामात आले. होरींनी त्यांना स्लाइम नावाच्या राक्षसाचं कच्चं चित्र दिलं, ते नुसतंच चिखलाच्या ढिगासारखं होतं. तोरियामांनी त्याचा निळा थेंब केला, वर टोक काढलेल्या मोदकासारखा, गोल डोळ्यांचा, हसरा. आज जपानमध्ये तो थेंब उशांपासून मिठाईपर्यंत सगळीकडे दिसतो.

चौथे संगीतकार कोइची सुगियामा. तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, टीव्ही आणि गाण्यांच्या दुनियेत नाव झालेले. एनिक्सचा शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा, गेम ते खेळत आणि सोबतचं अभिप्रायाचं कार्ड त्यांनी भरून पाठवलं. कंपनीतल्या लोकांनी नाव वाचलं आणि ते हेच सुगियामा का, अशी चौकशी करत त्यांना गाठलं. सुरुवातीची धून त्यांना पाच मिनिटांत सुचली. ती पाच मिनिटं अधिक आधीच्या आयुष्याची ५४ वर्षं, असा हिशेब ते सांगत. २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशींचे संघ मैदानात येऊ लागले तेव्हा पहिली वाजली ती हीच धून.

पायरी २: पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटं घाई न करता खेळा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आकडे २७ मे १९८६ ला आलेल्या मूळ खेळाचे आहेत. नव्या आवृत्त्यांत ते थोडे बदलले असले तरी धडा तोच आहे.

खेळ सुरू होतो दरबारात. राजा बोलतो, खोलीत तीन पेट्या आहेत, आणि दार बंद. बाहेर पडायचं तर राजाशी बोलायला हवं, पेट्या उघडायला हव्यात, किल्ली घ्यायला हवी, दार उघडायला हवं आणि जिना उतरायला हवा. मूळ खेळात जिना उतरण्यासाठीसुद्धा यादीतून वेगळी आज्ञा निवडावी लागायची. होरींनी ही खोली मुद्दाम बंद ठेवली होती. पुढे लागणारी जवळपास प्रत्येक आज्ञा इथे एकदा वापरल्याशिवाय बाहेरच पडता येत नाही. पाठ देतोय असं न म्हणता दिलेला हा पाठ आहे. आजही नव्या गेममध्ये पडदाभर सूचना येऊ लागल्या की मला ती खोली आठवते.

पेटीत १२० सोन्याची नाणी मिळतात. ती घेऊन शेजारच्या गावात दुकानात जा. बांबूची काठी १० नाण्यांना, सोटा ६०, तांब्याची तलवार १८०. साधे कपडे २०, चामड्याचं चिलखत ७०. औषधी पाला २४. धर्मशाळेत रात्र काढायला ६. तलवार परवडत नाही, हे लगेच कळतं. मग सोटा, कपडे आणि एक पाला घेतला तर १०४ जातात, उरलेल्या १६ मध्ये दोन रात्रींची सोय होते. किंवा चिलखत, काठी आणि पाला घ्या, तेही १०४ च. मार जास्त द्यायचा की मार कमी खायचा? या खेळात पुढे जे जे ठरवावं लागतं त्याचा सगळा पाया या एका खरेदीत आहे.

बाहेर पडलात की स्लाइम भेटतो. एक स्लाइम मारला की अनुभवाचा एक गुण. सात गुण झाले की दुसरी लेव्हल. सात स्लाइम, बस्स. तेवढ्यात ताकद वाढते, कालपर्यंत दोन फटक्यांत मरणारा स्लाइम एका फटक्यात जातो आणि आपण मोठे झालो हे बोटांना जाणवतं.

मग पूल येतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा, इयत्ता आठवी, फोनवर पहिला भाग खेळत होता. मी म्हटलं, "पूल दिसला की थांब, आधी गावात परत ये." तो म्हणाला, "हो मामा," आणि पूल ओलांडून गेला. तिसऱ्या लढाईत मेला. चेहरा उतरला त्याचा. त्याला वाटलं, सगळं पहिल्यापासून. पण डोळे उघडले ते राजासमोर. राजाने दोन शब्द सुनावले, निम्मं सोनं गेलं होतं, आणि लेव्हल? लेव्हल होती तशीच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर पडला. पूल ओलांडला की राक्षस तगडे होतात, हा या जगाचा अलिखित नियम आहे, आणि तो कुणी तोंडी सांगून कळत नाही. मरण स्वस्त ठेवलं आहे ते म्हणूनच.

हे सगळं केवढ्याशा जागेत बसवलं होतं तेही ऐका. अख्खा खेळ ६४ किलोबाइटचा. आज फोनवर एकमेकांना पाठवतो ते 'शुभ सकाळ'चं चित्रही बहुधा याहून मोठं असतं. जागा वाचवायला काताकाना लिपीतली जेमतेम वीस अक्षरं ठेवली होती. म्हणजे आपल्या बाराखडीतली निम्म्याहून जास्त व्यंजनं कुणी काढून घ्यावीत आणि उरलेल्यांतून राक्षसांची नि मंत्रांची नावं पाडायला सांगावीत. नायकाला वळलेलं दाखवण्याइतकीही जागा नव्हती. तो कायम तोंड आपल्याकडे करून खेकड्यासारखा चालतो, आणि कुणाशी बोलायचं तर उत्तर, दक्षिण, पूर्व की पश्चिम ते निवडावं लागतं. खेळ जतन करायलाही सोय नव्हती. राजा वीस अक्षरांचा मंत्र सांगायचा, तो वहीत उतरवायचा, दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की आठवड्याची मेहनत पाण्यात.

पायरी ३: हाताशी काय आहे ते बघा

पहिले सहा भाग आणि आठवा फोनवर मिळतात, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. उभा फोन धरून एका हाताने खेळता येतात. लोकलमध्ये उभं राहून खेळायला याहून सोयीचं काही नाही. संगणक असेल तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अकरावा भाग आहे आणि त्याचा फुकट डेमो चांगला दहाएक तास चालतो. त्यातली प्रगती पूर्ण खेळात पुढे नेता येते. पैसे टाकण्याआधी तो घ्याच. पहिल्या तिन्ही भागांच्या नव्याने सजवलेल्या आवृत्त्याही स्टीमवर आहेत. तिसरा १४ नोव्हेंबर २०२४ ला आला, पहिला आणि दुसरा एकत्र ३० ऑक्टोबर २०२५ ला.

भाषेचं आधीच सांगून ठेवतो: मराठी किंवा हिंदी नाही, इंग्रजीतच खेळावं लागतं. शिवाय अलीकडची इंग्रजी भाषांतरं गावागणिक बोली बदलतात. चौथ्या भागाचं पहिलं प्रकरण स्कॉटिश ढंगात आहे, पुढे दुसरीकडे रशियन हेल. आपल्याकडे कुडाळचा माणूस मालवणीत आणि अकोल्याचा वऱ्हाडीत बोलावा तसं. वाचायला सुरुवातीला अडखळायला होतं. मोठ्याने वाचा, अर्थ लागतो.

पायरी ४: खेळायचा क्रम ठरवा

प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र आहे, त्यामुळे कुठलाही घ्या असं पुष्कळजण सांगतात. ते खरं आहे, पण अपुरं. माझा क्रम असा: पहिला, तिसरा, पाचवा, अकरावा. बाकीचे नंतर.

पहिला लहान आहे, साधारण दहा तासांचा. तो आधी खेळा कारण तिसऱ्याचा शेवट पहिला खेळलेल्यांसाठी लिहिलेला आहे. काय ते सांगणार नाही. नव्या आवृत्त्या काढताना कंपनीने तिसरा आधी आणला, गोष्टीच्या कालक्रमाने तो पहिला येतो म्हणून. तरीही मी १९८८ च्या मुलांच्या क्रमानेच जा म्हणेन. त्यांना जो धक्का बसला तो तुम्हालाही मिळायला हवा.

तिसरा १० फेब्रुवारी १९८८ ला आला, बुधवारी. दुकानांबाहेर रात्रीपासून रांगा, शाळा बुडवून आलेली मुलं, त्यांना हटकणारे पोलीस, हे सगळं तेव्हाच्या बातम्यांत आहे. त्यावरून एक कथा पसरली की जपानच्या संसदेने कामाच्या दिवशी ड्रॅगन क्वेस्ट विकायला बंदी घातली. असा कायदा कधीच झाला नाही. एनिक्सने आपणहून पुढचे भाग सुट्टीच्या दिवशी काढायला सुरुवात केली. चौथा ११ फेब्रुवारी १९९० ला आला तो रविवार होता. तिसऱ्यात वहीतला मंत्र गेला आणि खेळ जतन करायला गेमच्या काडतुसातच (कार्ट्रिजमध्ये) बॅटरी आली. पण बाकीचा ऐवज इतका होता की सुरुवातीच्या पडद्यावर सुगियामांची धून ठेवायला जागा उरली नाही. काळ्या पडद्यावर नुसतं नाव.

पाचवा माझ्या सगळ्यात जवळचा. २७ सप्टेंबर १९९२. लहानगा मुलगा बापाचा हात धरून जग फिरतो, पुढे दहा वर्षं गुलामीत काढतो, लग्न करतो, बाप होतो. लग्न कुणाशी, हे तुम्हाला ठरवावं लागतं आणि खेळ त्या रात्री मुद्दाम तुम्हाला गावात फिरायला सोडतो. लोक झोपलेले, काही जागे, प्रत्येकजण एकेक वाक्य बोलतो. राक्षस हरवल्यावर आपल्यात यायला तयार होतात तेही इथेच. स्लाइम मारतच मोठे झालेल्या खेळाडूला स्लाइम सोबती मिळतो. पोकेमॉन यानंतर चार वर्षांनी आला.

अकरावा शेवटी ठेवा. २०१७ चा, मोठा, पन्नास-साठ तासांचा, दिसायला देखणा. डेमोवरून आवडला तर थेट तिथून सुरुवात केली तरी चालेल, पण जुने खेळून गेलात तर त्याचा शेवट दुप्पट बोलतो.

उरलेल्यांतला चौथा मात्र फार दिवस टाळू नका. तो पाच प्रकरणांत आहे आणि तिसऱ्या प्रकरणाचा नायक तोर्नेको हा जाडजूड, प्रेमळ दुकानदार आहे. सकाळी बायको डबा देते, तो घेऊन तो हत्यारांच्या दुकानात नोकरीला जातो. तुम्ही गल्ल्यामागे उभे राहता. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, कधी घेतं, कधी तसंच जातं. संध्याकाळी मालक दिवसाची मजुरी हातावर ठेवतो. जगाला वाचवणाऱ्या वीरांच्या खेळात एक अख्खं प्रकरण नोकरदार माणसाला दिलं आहे, आणि ते लढायांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

दुसरा १९८७ चा, तीन जणांच्या टोळीचा, शेवटाकडे फार कठीण. सहावा १९९५ चा. सातवा २००० सालचा, प्लेस्टेशनवर, अवाढव्य लांब. आठवा २००४ चा, पहिल्यांदाच सगळं जग त्रिमितीत, डोंगरावर चढलात की तोरियामांच्या चित्रात उभे असल्यासारखं वाटतं. नववा २००९ मध्ये निन्टेंडो डीएस या हातात धरायच्या यंत्रावर आला. तो खिशात ठेवून जपानी लोक स्टेशनांवर नि टोकियोतल्या अकिहाबारात फिरायचे. दुसऱ्या खेळाडूजवळून गेलं की यंत्रं आपसांत नकाशे बदलत, आणि एखाद्या अनोळखी माणसाला सापडलेला खजिन्याचा नकाशा असा हातोहात देशभर पोचायचा. दहावा २०१२ चा ऑनलाइन, तो जपानपुरता.

पायरी ५: नावांचा घोळ आधीच सोडवून घ्या

जुने लेख वाचताना 'ड्रॅगन वॉरियर' दिसेल. तो हाच. अमेरिकेत १९८९ मध्ये पहिला भाग या नावाने आला कारण 'ड्रॅगनक्वेस्ट' हे नाव तिथल्या एका कागद-पेन्सिलीने खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाने आधीच घेतलं होतं. मूळ नाव तिकडे आठव्या भागापासून आलं. पाचवा आणि सहावा तर मूळ प्रकाशनानंतर पंधरा-सतरा वर्षांनी इंग्रजीत आले. नायकाच्या पूर्वजाचं नाव जपानीत रोतो, इंग्रजीत अर्ड्रिक. आगीचा मंत्र जपानीत मेरा, इंग्रजीत फ्रिझ. बरं करणारा मंत्र होइमी, इंग्रजीत हील. व्हिडिओ जपानी आणि खेळ इंग्रजी असं करू नका, गोंधळाल.

पायरी ६: या सवयी लावून घ्या

गावात शिरलात की प्रत्येकाशी बोला. होरी सगळी गोष्ट या लोकांच्या दोन-दोन ओळींतून सांगतात, आणि पुढची वाट त्यातल्याच एका ओळीत असते. गावावर संकट येऊन गेलं की परत बोला, ओळी बदललेल्या असतात. मडकी फोडा, कपाटं उघडा, कुणी रागावत नाही.

खेळ जतन करायचा तो बहुतेक भागांत चर्चमध्ये. तिथेच मेलेले सोबतीही परत उठतात. बँक दिसली की सोनं तिथे ठेवा. मेल्यावर हातातलं निम्मं जातं, बँकेतलं नाही. बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा राक्षस, हरत नसेल तर तासन्‌तास लेव्हल वाढवत बसण्याआधी ताकद आणि बचाव वाढवणारे मंत्र वापरून बघा. नवखे लोक फक्त मारत सुटतात. आणि चकाकता मेटल स्लाइम दिसला तर बाकी सगळे सोडून त्याच्यावर तुटून पडा. तो पळण्यात तरबेज, पण सापडला तर त्याचा अनुभव ढीगभर मिळतो.

२०२१ च्या सप्टेंबरात सुगियामा गेले, २०२४ च्या १ मार्चला तोरियामा. २७ मे २०२१ ला जाहीर झालेल्या बाराव्या भागात या दोघांचं शेवटचं काम असेल, असं होरींनी लिहिलं आहे. तो यायच्या आत वरचे चार भाग आरामात होतात.

भाचा आता तिसऱ्यावर आहे. त्यात पहिल्याच गावातल्या खानावळीत आपले सोबती आपण नाव देऊन तयार करायचे असतात. त्याने इंग्रजी अक्षरांत 'आजी' असं लिहिलं आणि तिला योद्धा केलं. खऱ्या आजी शेजारी बसून बघत होत्या. सध्या ती चौदाव्या लेव्हलला आहे, हातात कुऱ्हाड. विसावी गाठली की मठात जाऊन पेशा बदलता येतो, पण मग पहिल्या लेव्हलपासून पुन्हा चढावं लागतं. तिला मांत्रिक करावं असं त्याचं म्हणणं आहे. आजींना कुऱ्हाडच बरी वाटते.